गायचे कोणी?

धर्मग्रामात नवा धर्मगुरू आला की तीन गोष्टी हटकून बदलतात, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी विनोदाने म्हणत असत: वेदीवरील फुलदाण्यांची जागा, सकाळच्या मिस्सेची वेळ आणि गायकवृंदाची गाणी. पहिले दोन बदल पुढचा धर्मगुरू आठवडाभरात पूर्ववत करू शकतो. तिसऱ्याचे तसे नाही. याचा अनुभव भंडारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामात आम्हांस आला. त्यात चूक आमची होती, म्हणून ती आम्हीच सांगितलेली बरी.

आमच्या रविवारच्या मिस्सेला जमणारी मंडळी एका मुलखाची नाही. हा जिल्हा वैनगंगेच्या काठचा, धानाचा आणि तळ्यांचा. पण तुमसरकडील मँगनीजच्या खाणी, जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना यांमुळे दूरदूरची माणसे येथे येऊन राहिली. आमच्या बाकांवर मराठी कुटुंबांच्या शेजारी छोटा नागपूरकडून आलेली कुटुंबे बसतात. त्यांच्यामागे केरळची आणि तामिळनाडूची. घरी बोलायच्या भाषा पाच-सहा, मिस्सेची भाषा मराठी. आम्ही येथे आलो तेव्हा गायकवृंद म्हणावा असा नव्हता. एक जुनी पेटी होती, तिच्या भात्यातून हवा निसटत असे. आणि तिसऱ्या बाकावर एक आजी होत्या.

दयायाचनेची वेळ आली की या आजी कोणाकडे न पाहता चाल धरीत. आवाज जाडा, ठेवणीचा नव्हे. पण पट्टी अशी नेमकी खालची की पुरुषांनाही ती सापडावी आणि बायकांनाही. आजी एक ओळ म्हणत आणि सारे मंदिर ती उचलून धरी. ही चाल फार पूर्वी गावोगाव हिंडणाऱ्या एका धर्मशिक्षकाने बसविली, एवढेच आजी सांगत. ती कोठे छापलेली नव्हती, वहीतही उतरविलेली नव्हती.

आम्हांस मात्र तिच्यात खेडवळपणा दिसला. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरीत आम्ही शिकलो. तेथे मोठ्या सणांना 'मिस्सा दे आंजेलिस' गाताना अंगावर येणारा रोमांच आम्ही विसरलो नव्हतो. त्या ग्रेगोरियन मिस्सेचे भाग निरनिराळ्या शतकांतले. तिचे 'सांक्तुस' अकराव्या-बाराव्या शतकाकडे जाते, तर 'ग्लोरिया' सोळाव्या शतकाचे मानले जाते. आपल्या कानाला तिचे सूर बिलावलाच्या जवळचे वाटतात. म्हणून भारतीय विद्यार्थ्यांच्या गळ्यात ते लवकर उतरत. असे काही आपल्याही धर्मग्रामात घडावे, ही इच्छा वाईट नव्हती. तिच्या पोटात थोडी हौस होती आणि थोडा अहंकारही होता, हे आज कबूल केले पाहिजे.

योगायोगाने संगीत जाणणारे एक शिक्षक येथे बदलून आले. त्यांच्या मदतीने अठरा जणांचा गायकवृंद उभा राहिला: महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, दोन परिचारिका, कारखान्यातील चार तरुण आणि काही शाळकरी मुले. कीबोर्ड घेतला. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी आम्ही शार्ल गुनो या फ्रेंच संगीतकाराची एक छोटी लॅटिन मिस्सारचना निवडली. गुनो (१८१८-१८९३) याने मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना केल्या, तशा लहान गायकवृंदांना झेपतील अशा काही मिस्साही लिहिल्या. अडीच महिने दर बुधवारी व शनिवारी तालीम झाली. मुलांनी रक्त आटविले, हे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या रात्री गाणे खरोखर सुंदर झाले. 'किरिये' सुरू झाले तेव्हा मंदिरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली, आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली. आम्ही तिला भक्ती समजलो. मिस्सेनंतर दारात लोक अभिनंदन करीत होते. आजीही आल्या. आमचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फादर, गाणं लई गोड झालं. आता आमाले काई गा लागत नाही ना?"

त्यात टोमणा नव्हता. काम दुसऱ्याने उचलल्यावर म्हाताऱ्या माणसाने सुटकेने विचारावे, तसे त्यांनी विचारले. आम्ही हसून म्हणालो, "आजी, आता तुम्ही निवांत ऐका." या उत्तराची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

पुढचे सहा महिने आम्ही त्याच वाटेने गेलो. प्रायश्चित्तकाळासाठी एक रचना, पुनरुत्थानाच्या सणासाठी दुसरी. मग मे महिना आला. मुले सुट्टीत गावी गेली, शिक्षकही गेले. एका रविवारी वीज नव्हती. कीबोर्ड मुका झाला होता. आम्ही वेदीवरून दयायाचनेची जुनीच चाल धरली आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर आले नाही. चाळीस-पन्नास माणसे आमच्याकडे पाहत उभी होती, ऐकायला तयार. आम्ही तिन्ही याचना एकट्यानेच म्हटल्या. आजीच्या जागी त्या दिवशी कोणीच नव्हते; त्या गुडघ्यांच्या दुखण्याने घरी होत्या.

त्या दुपारी द्वितीय व्हॅटिकन महासभेचे दस्तऐवज पुन्हा काढून बसलो. सेमिनरीत त्यांवर परीक्षा दिली होती. पण परीक्षेसाठी वाचणे निराळे आणि आपली चूक शोधायला वाचणे निराळे. उपासनेविषयीचा संविधानग्रंथ ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान आहे, गायकवृंद जोपासा असा आग्रह आहे. आणि त्याच दमात भाविकांनी आपला वाटा गायला पाहिजे असेही बजावले आहे. मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा, असे ११९व्या कलमात आहे. रचनाकारांनी केवळ मोठ्या गायकवृंदांसाठी न लिहिता लहान वृंदांसाठी आणि सर्व समुदायासाठीही लिहावे, असे १२१वे कलम सांगते. पुढे ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीताविषयी जी सूचनावली निघाली, तिच्यात तर आमच्याच नाताळचे वर्णन सापडले: मिस्सेतील सारेच गायन गायकवृंदाकडे सोपवून लोकांना पूर्णपणे बाजूला ठेवण्याची रीत योग्य नव्हे. अनेक आवाजांची रचना गायला मनाई नाही. मात्र लोकांचा वाटा नाहीसा होता कामा नये.

नियम काळानुसार बदलतात, हेही तेथेच ध्यानात आले. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीतावर जो आदेश काढला, त्याप्रमाणे उपासनेच्या गायकवृंदात स्त्रियांना स्थान नव्हते. तो नियम राहिला असता तर आमच्या अठरांपैकी अकरा जणी घरी बसल्या असत्या, आणि आजींचे तर काय सांगावे!

आठवडाभराने ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही आजींकडे गेलो. सोबत वही-पेन्सिल होती. प्रार्थना झाल्यावर म्हणालो, "आजी, तुमची ती दयायाचनेची चाल उतरवून घ्यायची आहे. म्हणता का?" त्या उशीला टेकून बसल्या. पहिली याचना त्यांनी म्हटली, दुसरी म्हटली. तिसरीच्या पहिल्या शब्दावर थांबल्या. पुन्हा पहिलीपासून आल्या आणि पुन्हा तेथेच थांबल्या. सून चुलीपाशी होती. तिने आतून एक वळण गाऊन दाखविले. आजींनी मान हलविली: "तसं नव्हतं वं." तिसऱ्यांदाही जमले नाही. त्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, "म्हणल्याबिगर राहिलं, का विसरते माणूस."

सहा महिने! पिढीदोनपिढी जे तोंडात जिवंत होते, ते सहा महिन्यांच्या मौनात एका म्हाताऱ्या स्मृतीतून ओघळून गेले होते. नव्या रचनेने जुनी चाल मारली असे आम्ही म्हणणार नाही. गुनोचा त्यात काही दोष नाही. ती चाल म्हणायचे थांबवा असे आम्ही सांगितले होते.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बांध्या पावसाची वाट पाहत होत्या. महिन्याभराने तेथे रोवणी सुरू होणार होती. रोवणीच्या बाया ओणव्याने पऱ्हे लावताना गातात, ते आम्ही अनेकदा ऐकले होते. पण त्या दिवशी त्याचा अर्थ लागला. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. ओळ लहान असते, कारण वाकलेल्या शरीरात श्वास पुरत नाही. स्वर चार-पाचच असतात, कारण नव्या आलेल्या मुलीलाही दुसऱ्या फेरीत ते यायला हवेत. आणि आमच्या मिस्सेतील दयायाचना मुळात काय आहे? एकाने विनवावे आणि सर्वांनी तेच विनवणे उचलावे. आजींच्या चालीला आम्ही खेडवळ म्हटले होते. त्या अनाम धर्मशिक्षकाला उपासनेची घडण आमच्यापेक्षा अधिक कळली होती.

तो काही पहिलाच नव्हता. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले, ते सुमारे ११,००० ओव्यांचे. लॅटिन छंद त्यांना पाठ होते. तरी त्यांनी जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओठी असलेला ओवीछंद घेतला. अलीकडच्या काळातही तसे झाले आहे. काँगोमध्ये १९५८ साली फादर गुईदो हाझेन यांच्या मार्गदर्शनाखाली 'मिस्सा लुबा' आकाराला आली. तिचे शब्द लॅटिन, पण ढंग तेथल्या लोकगीतांचा. अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेझ यांनी १९६४ साली स्पॅनिश शब्दांना आपल्या मातीचे ताल देऊन 'मिसा क्रिओया' रचली. त्या दोन्ही रचना आपण येथे गाव्यात असे नव्हे. त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

जूनमध्ये गायकवृंद परत आला, तेव्हा आम्ही सर्वांना बसवून घडलेले सांगितले आणि वर्षभराच्या मिस्सारचना नव्याने निवडू या असे म्हटले. एक मुलगी उठली. तिचा आवाज सर्वांत चांगला. म्हणाली, "फादर, मग आम्ही एवढं शिकलो ते कशाला? लोकांना येत नाही म्हणून आम्ही पण सोपंच गायचं?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते. एवढेच म्हणालो की आपण आधी रचना तपासू, मग तुझ्या प्रश्नाकडे येऊ. चार रविवार आम्ही ते काम केले. इतर धर्मग्रामांतील गायकवृंदांना उपयोग होईल म्हणून ते येथे मांडतो.

प्रथम शब्द तपासले. मिस्सेतील दयायाचना, गौरवगीत, 'पवित्र, पवित्र' आणि 'देवाचा कोकरा' यांचे शब्द धर्मसभेने ठरविलेले आहेत. मिस्साग्रंथाच्या नियमावलीप्रमाणे त्यांच्या जागी दुसरी गीते घालता येत नाहीत. आमच्या फायलीत एक अतिशय गोड गौरवगीत होते, पण त्यातील दोनच ओळी मूळच्या होत्या, बाकी कवीच्या. ते बाजूला ठेवताना मुलांचे चेहरे उतरले. रेव्हरंड टिळकांची भजने पंथांच्या भिंती ओलांडून मराठी ख्रिस्ती घरांत पोचली, ती आम्हीही प्रेमाने गातो; पण तशा गीतांची जागा प्रवेशाला, अर्पणाला, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी. मिस्सेच्या स्वतःच्या शब्दांची जागा त्यांनी घेऊ नये.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपल्याकडे पुरुष साधारणपणे काळी एक-काळी दोनमध्ये मोकळे गातात, स्त्रिया काळी चार-काळी पाचमध्ये. मंदिरात दोघे एकत्र असतात, आणि कित्येक आजी-आजोबांचा आवाज वरच्या षड्जाला पोचत नाही. चाल पूर्ण सप्तकभर धावू लागली की कोणीतरी गप्प होतोच. म्हणून चाल षड्ज ते पंचम, फार तर धैवतापर्यंत राहील अशी पाहावी आणि षड्ज पांढरी दोनच्या आसपास धरावा. आम्ही हे पेटीवर करून पाहिले. मागच्या बाकावरचे पुरुष, ज्यांना आम्ही अरसिक समजत होतो, ते गाऊ लागले. ते अरसिक नव्हते, आमची पट्टी उंच होती.

तिसरी कसोटी विजेची. कागद नाही, वाद्य नाही, गायकवृंद सुट्टीवर आहे: तरी ही रचना उभी राहते का? ज्या चालीला सुरुवातीचे दोन स्वर कीबोर्डवरूनच मिळावे लागतात, ती चाल अंत्यविधीला घराच्या अंगणात कामास येत नाही.

चौथी गोष्ट काळाची. आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात रविवारी गौरवगीत गात नाहीत. तेव्हा उरलेले भाग एकमेकांना धरून राहिले पाहिजेत. आम्ही वर्षाला दोनच संच ठरविले: एक या गंभीर काळांसाठी, एक बाकीच्या वर्षासाठी. पूर्वी दर दोन महिन्यांनी नवे काही काढीत होतो. गायकांना नव्याचा उत्साह असतो. लोकांना मात्र एखादी चाल आपली वाटायला वर्ष लागते.

लॅटिन आम्ही टाकून दिले नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ साली 'जुबिलाते देओ' ही छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठविली. निरनिराळ्या भाषांचे लोक एकत्र आले तर थोडे तरी एकत्र गाता यावे, हा तिचा हेतू. तिच्यात 'सांक्तुस' आणि 'आन्युस देई' यांच्या ज्या चाली आहेत, त्या अठराव्या ग्रेगोरियन मिस्सेच्या, अगदी साध्या, मोजक्या स्वरांत बसणाऱ्या. जगाच्या मोठ्या मंदिरांतूनही म्हणता याव्यात म्हणून पोपमहाशयांनी निवडल्या त्या चाली अशा, आजींनाही जमणाऱ्या! मोठ्या सणांना आता त्या आम्ही म्हणतो. केरळचे, छोटा नागपूरचे आणि गावचे लोक त्या वेळी सारखेच परके असतात आणि सारखेच घरचे.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. नियमावलीत गौरवगीत सर्वांनी मिळून, लोकांनी व गायकवृंदाने आळीपाळीने, किंवा एकट्या गायकवृंदाने गावे, अशी मोकळीक आहे. 'पवित्र, पवित्र' मात्र सर्व समुदायाचे आहे. म्हणून नाताळला गुनोचे 'ग्लोरिया' गायकवृंदच गातो, चार आवाजांत, पूर्ण तयारीने. दयायाचना, 'पवित्र' आणि 'कोकरा' सर्वांचे. ख्रिस्तप्रसादानंतर एक भक्तिगीत पुन्हा त्यांचे. एरवीच्या रविवारी त्यांतले चौघे बाकांवर लोकांमध्ये बसतात आणि तेथून चाल धरतात. त्या मुलीला पहिल्यांदा हे शिक्षेसारखे वाटले. दोन महिन्यांनी ती आम्हांस म्हणाली, "फादर, माळ्यावरून गाताना मला माझाच आवाज ऐकू यायचा. खाली बसले की शेजारची काकू कुठे चुकते ते कळतं." आता ती तिसऱ्या बाकावर बसते.

सारे पूर्ववत झाले असे मात्र नाही. सहा महिन्यांत गेलेले परत यायला दोन वर्षे लागली, आणि काही आलेच नाही. आजी त्याच वर्षी श्रावणात गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला अंगणात पाऊस झिमझिमत होता; पेटी नेता आली नाही. कोणीतरी दयायाचना धरली आणि सर्वांनी उचलली. पहिली याचना त्यांच्या चालीत, दुसरी त्यांच्या चालीत. तिसरीला आम्ही पहिलीचीच चाल जोडून दिली आहे, म्हणून ती तशी म्हटली गेली. कोणाला त्यात वावगे वाटले नसावे. लहान मुलांना तर तीच खरी चाल वाटते. आम्हांस मात्र दर रविवारी तेथे आल्यावर आजींचे "तसं नव्हतं वं" ऐकू येते.

चाल बसविणारे ते धर्मशिक्षक पायी गावोगाव फिरत, असे आजी सांगत. तेव्हा ती चाल एकाच गावात राहिली नसावी. पहिल्या दोन याचनांचे स्वरलेखन आमच्याकडे तयार आहे. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी एखादी वृद्ध आई, मावशी, आजोबा असे काही म्हणत असतील, तर त्यांच्यापाशी बसावे, त्यांना म्हणू द्यावे, आणि तिसरी ओळ सापडली तर आम्हांस कळवावे.